डिशलीचा पशुपालक रॉबर्ट बेकवेल

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या लेस्टरशायर परगण्यात, लाफबरो गावाजवळच्या डिशली येथे एका शेतकऱ्याच्या घरी पाहुण्यांची रीघ लागलेली असे. त्यात रशियन आणि जर्मन उमराव असत, फ्रेंच सरदारपुत्र असत आणि शेजारच्या परगण्यांतले गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले शेतकरीही असत. या पाहुण्यांना ज्या दालनात बसविले जाई, तेथे पूर्वजांची तैलचित्रे नव्हती. तेथे जनावरांचे सांगाडे मांडलेले असत आणि खारवून टिकवलेले मांसाचे मोठाले तुकडे ठेवलेले असत. यजमान एकेक हाड दाखवून सांगे, की आजोबाचे हाड केवढे जाड होते आणि नातवाचे केवढे बारीक झाले. मांसावरचा चरबीचा थर पिढीगणिक किती बोटांनी वाढला. हे सारे आपण ठरवून घडविले, असा त्याचा दावा होता. त्या काळी तो धाडसी होता.

रॉबर्ट बेकवेलचा जन्म २३ मे १७२५ रोजी याच घरात झाला. आजोबा आणि वडील डिशलीची जमीन खंडाने कसत. ही शेती सुमारे ४४० एकरांची. म्हणजे बेकवेल गरीब नव्हता, पण जमिनीचा मालकही नव्हता. तरुणपणी तो ब्रिटनभर आणि युरोपात हिंडला, इतरांची शेती पाहून आला. पुढे वडिलांच्या हाताखाली कारभार पाहू लागला आणि १७६० साली ते वारल्यावर सारी सूत्रे त्याच्याकडे आली. लग्न त्याने केले नाही. घर त्याची बहीण हॅना सांभाळी. उंच, रुंद खांद्यांचा, लालसर तपकिरी चेहऱ्याचा हा माणूस सैलसर तपकिरी कोट, लाल भडक जाकीट, कातडी विजार आणि उंच बूट अशा वेषात वावरे. जॉन बोल्टबी या चित्रकाराने त्याला घोड्यावर बसलेला रंगवले आहे, तोही असाच ऐसपैस. पाहुणा कितीही मोठा असो, रात्री साडेदहा वाजता तो चिलीम झटकून ठेवी आणि अकराला घर झोपी जाई. या नियमाला सरदारांचाही अपवाद नव्हता.

बेकवेलच्या कामाचे महत्त्व कळण्यासाठी त्या वेळची इंग्लिश गाय डोळ्यांपुढे आणायला हवी. आपल्याकडे खिल्लार बैल ओढीसाठी जसा नावाजला गेला, तसाच इंग्लंडमध्येही गोवंशाचा बराचसा उपयोग नांगरासाठी आणि गाडीसाठी होई. बैल आयुष्यभर राबायचा, थकला की थोडा खाऊपिऊ घालून खाटकाकडे जायचा. मांस हे अखेरचे उत्पन्न असे. त्यामुळे मोठी हाडे, लांब पाय, रुंद खांदे हेच गुण मानले जात. अठराव्या शतकात मात्र शेतातली बैलांची जागा घोडे घेऊ लागले होते आणि शहरे वाढत होती. शहरांना मांस हवे होते आणि मेणबत्त्यांसाठी चरबीही. अशा बाजाराला सहा-सात वर्षे थांबायला वेळ नव्हता. केवळ खाण्यासाठी आणि तेही लवकर तयार होणारे जनावर ही कल्पना बेकवेलने नेमकी हेरली. कमी चारा खाऊन जे जनावर लवकरात लवकर अधिक मांस देईल ते चांगले, हा त्याचा एकमेव निकष होता. जनावर दिसायला किती भव्य याला त्याच्या लेखी काडीची किंमत नव्हती. मांस असावे तेही महागड्या भागांत, म्हणजे पाठीवर आणि मागल्या पुठ्ठ्यांत. पाय, डोके आणि हाडे यांत गेलेला चारा म्हणजे वाया गेलेला चारा.

या कामासाठी त्याने निवडली ती लाँगहॉर्न ही लांबशिंगी जात. यॉर्कशायरमधील क्रेव्हन भागापासून मध्य इंग्लंडपर्यंत ती पसरलेली होती. गडद तांबूस किंवा करड्या अंगावर वाघासारखे पट्टे, पाठीच्या कण्यावरून शेपटीपर्यंत गेलेली पांढरी रेघ आणि गालांवरून खाली किंवा पुढे वळलेली प्रचंड शिंगे ही तिची ओळख. शिंगांपासून बटणे, मुठी, पेले बनत, म्हणून त्यांनाही मोल होते. दूध फार नसे, पण स्निग्ध असे. (काउबॉय चित्रपटांत दिसणारी टेक्ससची लांबशिंगी गुरे ती ही नव्हेत. ती स्पॅनिश लोकांनी अमेरिकेत नेलेल्या गुरांची संतती. नावापलीकडे दोहोंत नाते नाही.)

लाँगहॉर्न सुधारण्याचे प्रयत्न बेकवेलच्या आधीही झाले होते. ड्रेकलोचे सर थॉमस ग्रेस्ली यांनी एक उत्तम कळप बाळगला होता आणि त्यातली जनावरे कोव्हेन्ट्रीजवळच्या कॅनलीच्या वेब्स्टरकडे गेली होती. याच वेब्स्टरकडून बेकवेलने दोन कालवडी घेतल्या आणि उत्तरेकडच्या वेस्टमरलंडमधून एक वळू आणला. या पायावर त्याने सारी इमारत रचली. कॅनलीच्या गाईला वेस्टमरलंडच्या वळूपासून झालेला टूपेनी हा वळू डिशलीचा कुळपुरुष ठरला.

येथून पुढे बेकवेलने जे केले, त्याने अनेक धर्मभीरू शेजारी हादरले. चांगली वैशिष्ट्ये पक्की करायची तर ती ज्या रक्तात आहेत त्या रक्ताबाहेर जायचे नाही, असे त्याने ठरविले. बापाचा संयोग मुलीशी, मुलाचा आईशी, भावाचा बहिणीशी. टूपेनीपासून त्याच्याच आईला एक कालवड झाली. त्या कालवडीचा संयोग टूपेनीच्या मुलाशी झाला आणि त्यातून डी नावाचा वळू जन्मला. या डीला टूपेनीच्याच एका मुलीपासून झालेला वळू म्हणजे ऑक्सफर्डशायरमधील रॉबर्ट फाउलरच्या कळपातला प्रसिद्ध शेक्सपिअर. निकटच्या नात्यात संयोग घडविण्याची रीत अश्वपालकांना ठाऊक होती, लेस्टरशायरमध्येही मेंढ्यांची निवड करणारे लोक आधी होऊन गेले होते. तेव्हा बेकवेलने शून्यातून काही निर्माण केले असे म्हणता येणार नाही. त्याचे श्रेय चिकाटीचे आहे. एकच उद्दिष्ट समोर ठेवून, निर्दयपणे निवड करीत, त्याने ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालविली. दोष दिसला की ते जनावर प्रजननातून बाद. निवडीला कात्री लावण्याची ही तयारी नसती, तर निकटच्या संयोगाने त्याचा कळप केव्हाच निकामी झाला असता.

प्रयोगाची वृत्ती तर त्याच्या अंगातच होती. आर्थर यंग हा शेतीविषयक लेखक १७७० साली डिशलीला आला तेव्हा थक्क झाला. बेकवेलने ओढ्याचे पाणी पाटांनी कुरणांत फिरविले होते आणि वर्षाकाठी चार-चार वेळा गवत कापले जात होते. पाणी दिल्याने खरोखर फरक पडतो हे संशयखोरांना पटावे म्हणून कुरणाचे काही पट्टे त्याने मुद्दाम कोरडे ठेवले होते. सलगम गाडीत भरून आणण्याऐवजी तो पाटात सोडून देई. ते वाहत वाहत गोठ्यापर्यंत पोचत आणि वाटेत धुऊनही निघत. गोठ्यात गाई उंचवट्यावर बांधलेल्या, शेण मागे पडावे अशी रचना. निरनिराळ्या जातींच्या जनावरांनी किती चारा खाल्ला आणि वजन किती धरले, याचा हिशेब ठेवला जाई. मारहाण निषिद्ध होती. भले दांडगे वळू एखादे पोर हातातल्या काडीने कुरणात घेऊन जाई.

गाईंनी त्याला नाव दिले, पण पैसा मिळवून दिला तो मेंढ्यांनी. त्याच पद्धतीने तयार केलेली न्यू लेस्टर ही मेंढी दोन वर्षांत बाजारासाठी तयार होई. बेकवेल चांगले मेंढे विकत नसे. एका हंगामापुरते भाड्याने देई. १७६० मध्ये ही सुरुवात झाली तेव्हा एका मेंढ्याला पाऊण-एक पौंड भाडे मिळाले आणि लोक हसले. या भाड्याच्या रीतीत मोठे शहाणपण दडलेले होते. मेंढा दहा ठिकाणी जाई, निरनिराळ्या मातीवर आणि निरनिराळ्या मेंढ्यांपासून त्याची संतती कशी निपजते हे बेकवेल हिंडून पाही आणि उत्तम ठरलेला नर पुन्हा स्वतःच्या कळपासाठी परत घेई. संततीवरून नराची पारख करण्याची ही रीत पुढे पशुपैदाशीची पायाभूत रीत बनली. आज सरकारी वीर्यकेंद्रांतील वळूंची परीक्षा होते ती याच तत्त्वावर.

पाटबंधारे, प्रयोग आणि अहोरात्र चालणारी भटारखान्यातील चूल या साऱ्यांचा भार मात्र त्याला पेलला नाही. १७७६ साली बेकवेलचे दिवाळे निघाले. ज्याच्या पद्धतीची कीर्ती देशभर झाली होती, त्याच्यावर घरचा हिशेब चुकल्याचा शिक्का बसला. मित्रांनी हात दिला आणि तो डिशलीतच राहून पुन्हा उभा राहिला. पुढच्या दशकात त्याचे दर आभाळाला भिडले. १७८९ साली तीन मेंढ्यांच्या भाड्यापोटी १२०० गिनी आणि आणखी सात मेंढ्यांपोटी २००० गिनी त्याच्या हाती आल्या.

यशाबरोबर गुप्तताही वाढली. आपल्या वंशावळी त्याने छापल्या नाहीत आणि पद्धतीवर एक ओळही प्रसिद्ध केली नाही. खाटकाला विकलेल्या मेंढ्यांपासून कोणी चोरून पैदास करू नये, म्हणून तो कुरणे मुद्दाम पाण्याने भरून त्यांना यकृताचा रोग लागू देई, असे समकालीन लेखकांनी लिहून ठेवले आहे. डिशलीच्या मेंढपाळांची मंडळीही स्थापन झाली आणि भाड्याचे दर पडू नयेत याची काळजी ती घेऊ लागली. पाहुण्यांसाठी दार सताड उघडे, पण ज्ञानाच्या कोठीला कुलूप, असा हा विरोधाभास होता. आपल्याला जे काही आज ठाऊक आहे, ते पाहुण्यांच्या टिपणांतून आणि नॉर्थम्बरलंडमधील शिष्य जॉर्ज कलीला त्याने लिहिलेल्या पत्रांतून.

बेकवेलच्या हयातीत लाँगहॉर्नचा दरारा मोठा होता. मध्य इंग्लंडभर आणि आयर्लंडातही ती पसरली. १७९१ साली फाउलरच्या कळपाचा लिलाव झाला तेव्हा वळूंना दोनशे गिनींहून अधिक बोली लागली. परंतु पडझडीची बीजे त्याच वैभवात होती. मांस आणि चरबी यांच्यामागे लागताना दुधाकडे दुर्लक्ष झाले. पुढे निकटच्या नात्यातील संयोगांमुळे वेते कमी होऊ लागली. चरबी इतकी वाढली, की मांसाला चव उरली नाही अशी तक्रार होऊ लागली. आपण उमरावांच्या पानासाठी नव्हे, तर सामान्य जनतेसाठी मांस पिकवतो, अशी बेकवेलची भूमिका होती आणि कष्टकऱ्याला चरबी हवीच असे. तरीही छोट्या शेतकऱ्याला दूध आणि मांस दोन्ही देणारी गाय हवी होती. ती लाँगहॉर्न नव्हती.

ती गाय घडली डिशलीला येऊन गेलेल्या एका तरुणाच्या गोठ्यात. डरहॅम परगण्यातील चार्ल्स कॉलिंग १७८० च्या दशकात बेकवेलची पद्धत पाहून गेला आणि भाऊ रॉबर्ट याच्या साथीने तीच रीत त्याने आपल्याकडच्या आखूड शिंगांच्या गुरांवर चालविली. त्याच्या फेव्हरिट नावाच्या वळूचा संयोग स्वतःच्या आईशी आणि मग त्यातून झालेल्या मुलीशी झाला. त्यातून जन्मलेला कॉमेट हा वळू १८१० साली १००० गिनींना विकला गेला. टूपेनीची कहाणी जणू पुन्हा घडली, फक्त जात बदलली होती. कॉलिंगच्या घरचा अवाढव्य डरहॅम ऑक्स खास बनवलेल्या गाडीतून गावोगाव मिरविला गेला आणि शॉर्टहॉर्नची जाहिरात झाली. १८२२ साली तिच्या वंशावळींची छापील नोंदवही निघाली. बेकवेलने जे लपविले होते ते येथे खुले झाले आणि दूरदेशीचा ग्राहकही विश्वासाने खरेदी करू लागला. १८१७ साली अमेरिकेतील केंटकीत शॉर्टहॉर्नबरोबर काही लाँगहॉर्नही उतरविले गेले, पण टिकले ते शॉर्टहॉर्न. पुढे अमेरिका, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया येथे त्यांचेच कळप दिसू लागले.

हे सारे पाहायला बेकवेल नव्हता. १ ऑक्टोबर १७९५ रोजी वयाच्या सत्तराव्या वर्षी तो डिशलीत वारला. कळप भाच्याकडे गेला. मामाची नजर मात्र वारशाने मिळण्यासारखी नव्हती. न्यू लेस्टर मेंढीचे रक्त अनेक जातींत मिसळले आणि लाँगहॉर्न मागे मागे सरकत गेली. पद्धत तेवढी दूरवर पोचली. मोराव्हियात मेंढ्यांची पैदास करणाऱ्या फर्डिनंड गाइसलर्नला लोक तिथला बेकवेल म्हणत आणि त्याच प्रांतात, ब्रनोच्या मठात, पुढे मेंडेलने वाटाण्यांवर प्रयोग केले. डार्विनने १८५९ च्या ग्रंथात बेकवेलच्या मेंढ्यांचा दाखला दिला: एकाच मूळ कळपातून दोन शेतकऱ्यांनी शुद्ध रक्त राखून वाढविलेल्या मेंढ्या पन्नासेक वर्षांत दोन निराळ्या जातींसारख्या दिसू लागल्या होत्या. भांडवल लवकर कसे फिरते हे सांगताना कार्ल मार्क्सलाही डिशलीच्या मेंढ्या आठवल्या, याची गंमत वाटते.

१८७८ साली लाँगहॉर्नच्या उरल्यासुरल्या पालकांनी वंशावळीची नोंदवही सुरू केली. तोवर संख्या रोडावली होती आणि विसाव्या शतकात ही जात नामशेष होते की काय अशी स्थिती आली. १९७३ साली ब्रिटनमध्ये दुर्मीळ पशुजातींच्या रक्षणासाठी न्यास स्थापन झाला, तेव्हा तिच्याकडे पुन्हा लक्ष गेले आणि आता ती धोक्याच्या यादीबाहेर आली आहे. ससेक्समधील नेप येथे नांगरट थांबवून हजारो एकर शेती निसर्गाच्या हवाली करण्यात आली. तिथे जी गुरे बारा महिने उघड्यावर सोडली आहेत, ती लाँगहॉर्नच. पाठीवर तीच पांढरी रेघ, गालांवर वळलेली तीच शिंगे. ती झुडपांत शिरून पाला ओरबाडतात आणि माणसाच्या मदतीविना विततात. डिशलीचे छोटे चर्च मात्र केव्हाच ओस पडले. छप्पर कोसळलेल्या त्या भिंतींच्या आत बेकवेलची समाधी आहे.