धर्मोपदेशकाने आखलेली हिमसहल : सर हेन्री लन

मार्च उजाडला की औराद, भालकी, उदगीर या पट्ट्यात उन्हाच्या झळा जाणवू लागतात आणि घरोघरी थंड हवेच्या ठिकाणांची चर्चा सुरू होते. हल्ली त्या चर्चेत महाबळेश्वरबरोबर गुलमर्गचेही नाव निघते. तेथे हिवाळ्यात पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याचा खेळ, म्हणजे स्कीइंग, शिकता येतो. प्रवास, मुक्काम आणि जेवण यांचा एकत्र हिशेब करून अशी हिमसहल आधीच ठरवून ठेवण्याची पद्धत ज्यांनी युरोपात रूढ केली, त्यांत सर हेन्री लन हे अग्रभागी होते. त्यांचा मूळ पेशा धर्मोपदेशकाचा, आणि त्या पेशातून ते बाहेर पडले ते भारतात पाहिलेल्या गोष्टींमुळे.

हेन्री सिम्पसन लन यांचा जन्म ३० जुलै १८५९ रोजी इंग्लंडमधील हॉर्नकॅसल या गावी एका मेथॉडिस्ट कुटुंबात झाला. बिदर भागाला मेथॉडिस्ट हे नाव मिशनच्या दवाखान्यामुळे परिचित आहे. ती मात्र अमेरिकन शाखा. लन इंग्रज शाखेचे. धर्मशास्त्राबरोबरच त्यांनी डब्लिनला वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १८८७ मध्ये वैद्यकीय मिशनरी म्हणून ते मद्रास इलाख्यात आले. एप्रिल १८८८ मध्ये मद्रासलाच त्यांचा पुत्र अर्नोल्ड जन्मला. पण प्रकृतीने साथ दिली नाही आणि त्याच वर्षी लन मायदेशी परतले.

परतल्यावर त्यांनी लेखणी उचलली. मिशनरी बंगल्यांत, नोकरचाकरांच्या गराड्यात साहेबी थाटाने राहतात, त्यामुळे सामान्य जनतेपासून ते दूर पडतात. उच्चवर्णीयांच्या मुलांसाठी चालवलेल्या इंग्रजी शाळा-महाविद्यालयांवर पैसा खर्च होतो, पण त्यातून धर्मप्रसार होत नाही, असा त्यांच्या टीकेचा आशय होता. मोठे वादळ उठले. चौकशी समिती बसली आणि १८९० मध्ये तिने आरोप निराधार ठरवले. जेमतेम वर्षभराच्या वास्तव्यावर एवढा मोठा निवाडा देणे घाईचे होते, हे खरे. तथापि राज्यकर्त्यांच्या थाटात राहून रयतेची सेवा होते काय, हा प्रश्न समितीच्या अहवालाने मिटण्यासारखा नव्हता. पुढे काही वर्षांतच लन पंथाच्या सेवेतून बाहेर पडले.

आता त्यांच्या मनाने निराळाच ध्यास घेतला. इंग्लंडमधील परस्परांपासून फुटलेले ख्रिस्ती पंथ एकत्र यावेत, यासाठी १८९२ मध्ये त्यांनी स्वित्झर्लंडमधील ग्रिंडेलवाल्ड येथे निरनिराळ्या पंथांच्या धुरीणांची परिषद भरवली. एवढ्या लोकांना तेथवर न्यायचे तर रेल्वेची सवलतीची तिकिटे आणि हॉटेलांशी ठरवाठरवी करणे आले. हे काम त्यांना उत्तम साधले. पंथांची एकी झाली नाही. प्रवासाचा व्यवसाय मात्र उभा राहिला. थॉमस कुक यांनीही १८४१ मध्ये पहिली सहल काढली होती ती दारूबंदीच्या सभेसाठीच. इंग्लंडमधील प्रवासधंद्याची दोन मोठी घराणी अशी सभामंडपातून निघाली, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

त्या काळी आल्प्समधील बहुतेक हॉटेले उन्हाळा सरला की कुलूपबंद होत. हिवाळी पाहुणे सेंट मॉरिट्झ किंवा दावोससारख्या मोजक्या ठिकाणीच दिसत. स्कीइंग मूळचे नॉर्वेचे. १८९४ मध्ये शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल दावोसहून खिंड ओलांडून अरोझाला या पट्ट्यांवरून गेले, तेव्हा ते नवलच मानले गेले. लन यांनी हेरले ते एवढेच, की पाहुण्यांची खात्री दिली तर हॉटेलवाला हिवाळ्यातही दार उघडील. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी आडेलबोडेन येथे हिवाळी सहली नेल्या. समुद्रसपाटीपासून सुमारे १,६५० मीटर उंचीवरील म्युरेन गावाची रेल्वे हिवाळ्यात बंद असे. ती १९१० च्या सुमारास त्यांनी प्रयत्नपूर्वक सुरू करवून घेतली. त्याच वर्षी त्यांना सर हा किताब मिळाला.

येथे त्यांच्या चरित्रातील खरी अडचण येते. कुलीन इंग्रजांना सहल कंपनीच्या घोळक्यातून जाणे कमीपणाचे वाटे. लन यांनी त्यावर तोड काढली : पब्लिक स्कूल्स अल्पाइन स्पोर्ट्स क्लब. बड्या शाळांचे, विद्यापीठांचे माजी विद्यार्थी आणि लष्करी अधिकारी अशांनाच त्यात प्रवेश. हॉटेल हंगामभर केवळ सभासदांसाठी राखलेले. मिशनऱ्यांच्या बंगल्यांवर टीका करणाऱ्या आणि पंथापंथांतील भिंती पाडायला निघालेल्या माणसाने बर्फात नवी भिंत उभारली. धंद्याच्या दृष्टीने ती युक्ती अचूक होती आणि ती फळालाही आली.

या क्लबशी अफगाण युद्धातले सेनानी लॉर्ड रॉबर्ट्स यांचे नाव जोडलेले होते. १८८० मध्ये मैवंदच्या लढाईत मुंबई लष्कराच्या पलटणींची दाणादाण उडाल्यावर काबूलहून कंदाहारवर चालून जाणारे ते हेच. त्यांच्या नावाच्या करंडकासाठी १९११ च्या जानेवारीत माँटाना येथे उतारावरील शर्यत झाली. पुढे म्युरेनचा स्की क्लब कंदाहार, मोठी शर्यत कंदाहार आणि बूट पट्टीला जखडणारी कळसुद्धा कंदाहार झाली. ज्या शहराकडे जाताना मुंबईच्या पलटणींतले शिपाई उन्हाने होरपळले, त्याचे नाव असे बर्फात रुजले.

मद्रासला जन्मलेला अर्नोल्ड वडिलांच्याही पुढे गेला. १९०९ मध्ये वेल्समधील डोंगरावरून पडून त्याचा एक पाय कायमचा आखूड झाला, तरी त्याने स्कीइंग सोडले नाही. १९२२ मध्ये म्युरेनला त्याने रोवलेल्या काठ्यांमधून वळणे घेत उतरण्याची आधुनिक स्लालोम शर्यत घेतली. १९३६ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये या प्रकाराला स्थान मिळाले.

मुलाचे नाव क्रीडाजगतात दुमदुमत असताना वडील पुन्हा जुन्या ध्यासाकडे वळले. पंथैक्यासाठी पूर्वी चालवलेले नियतकालिक त्यांनी १९२४ मध्ये पुन्हा काढले. ते काही वर्षेच चालले. १८ मार्च १९३९ रोजी लंडनमध्ये लन यांचे निधन झाले. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत महायुद्ध पेटले आणि म्युरेनकडे जाणारा इंग्रज प्रवाशांचा ओघ थांबला.