शिक्षक प्रल्हाद केशव अत्रे

आचार्य अत्रे हें नांव ऐकतांच कोणास त्यांचीं विनोदी नाटकें आठवतात, कोणास संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांतील त्यांचीं व्याख्यानें आठवतात, तर कोणास ‘मराठा’ पत्रांतील त्यांचे घणाघाती अग्रलेख. अंबरनाथ, बदलापूर व उल्हासनगर येथें राहणाऱ्या आपणां सर्वांस कल्याणच्या आचार्य अत्रे रंगमंदिरामुळें हें नांव चांगलेंच परिचयाचें आहे. परंतु नाटककार व संपादक म्हणून गाजण्यापूर्वीं ते पुष्कळ वर्षें माध्यमिक शाळेंतील शिक्षक होते, आणि शिकविण्याची विद्या शिकण्यासाठीं त्यांनीं थेट विलायतेपर्यंत प्रवास केला, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. त्यांच्या चरित्राचा तोच भाग येथें विशेषेंकरून सांगण्याचें योजिलें आहे. आपणांपैकीं कांहीं जण पुढें शिक्षक होतील. त्यांस तो उपयोगी पडेल अशी आशा आहे.

प्रल्हाद केशव अत्रे ह्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजीं पुणें जिल्ह्यांत, सासवडजवळील कोढीत ह्या लहानशा गांवीं झाला. ह्या मुलखांतून कऱ्हा नदी वाहते, आणि तिच्याविषयींचें प्रेम त्यांच्या मनांत इतकें खोल रुजलें होतें कीं, पुढें आपल्या आत्मचरित्रासही त्यांनीं ‘कऱ्हेचें पाणी’ असेंच नांव दिलें. प्राथमिक शिक्षण सासवडास झाल्यावर ते पुण्यास आले व तेथें त्यांनीं हायस्कूलचें शिक्षण पुरें केलें. १९१९ सालीं फर्ग्युसन कॉलेजांतून ते बी. ए. झाले. कविवर्य राम गणेश गडकरी ह्यांस ते गुरुस्थानीं मानीत. त्याच वर्षाच्या जानेवारींत गडकरी निवर्तले. अशा रीतीनें पदवी हातीं पडली तेव्हां ह्या तरुणाजवळ काव्याची आवड, विनोदाची देणगी व गडकऱ्यांचा आदर्श एवढी शिदोरी होती. धनसंपत्ति मात्र नव्हती. पोटासाठीं त्यांनीं शिक्षकाची नोकरी धरली.

त्या काळीं शिक्षकाच्या धंद्याविषयीं एक समजूत सर्वत्र रूढ होती. ज्यास विषय येतो त्यास तो शिकवितांही येतो, असें लोक धरून चालत. बी. ए. झालेला तरुण आज कॉलेज सोडून उद्यां वर्गावर उभा राही. मुंबईस सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज १९०६ सालींच निघालें होतें खरें, परंतु मुंबई विद्यापीठानें बी. टी. ही शिक्षकांची स्वतंत्र पदवी सुरू केली ती १९२२ च्या सुमारास. अत्र्यांसारख्या जन्मजात वक्त्यास तर असल्या शिक्षणाची गरज काय, असें कोणासही वाटलें असतें. वर्गास हंसविणें व खिळवून ठेवणें हें त्यांच्या हातचा मळ होतें. परंतु मुलांस रिझविणें निराळें आणि त्यांस शिकविणें निराळें. हा भेद ज्यास कळला तोच शिकविण्याच्या शास्त्राकडे वळतो. अत्रे वळले, आणि त्यांनीं बी. टी. ची पदवी मिळविली.

पुण्याच्या कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे ते मुख्याध्यापक होते. कॅम्प म्हणजे लष्करची वस्ती. हा शब्द आपल्या इकडील मुलांस समजावून सांगावयास नको. उल्हासनगर हें गांवच मुळीं दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणीच्या जागेवर वसलें. सिंधमधून आलेल्या निर्वासितांनीं तेथें संसार थाटले, १९४९ सालीं त्यास आजचें नांव मिळालें, आणि तेथील वस्त्या अद्यापि कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर दोन अशाच ओळखल्या जातात. छावणीच्या वस्तींत नाना धर्मांचीं व नाना भाषांचीं माणसें शेजारीं शेजारीं राहतात. त्यांचीं मुलें एका बांकावर येऊन बसलीं म्हणजे एकाच्या घरची भाषा दुसऱ्यास समजत नाहीं. एकाच्या घरीं पुस्तकांचें कपाट असतें, तर दुसऱ्याच्या घरीं दिव्याची देखील पंचाईत असते. अशा वर्गास नुसतें पाठांतर देऊन भागत नाहीं.

१९२५ सालीं ‘झेंडूचीं फुलें’ हा त्यांचा विडंबनकाव्यांचा संग्रह निघाला व केशवकुमार हें त्यांचें टोपणनांव घरोघरीं पोहोंचलें. मुख्याध्यापकाची जागा होती, कीर्ति होती. आणखी शिकण्याची सक्ती कोणाचीच नव्हती. तरीही वयाच्या तिशीच्या उंबरठ्यावर ते पुनः विद्यार्थी झाले व लंडनला गेले. शिक्षणशास्त्राचा बी. टी. च्या पुढील अभ्यास करण्याची सोय तेव्हां आपल्या इकडे नव्हती. एम. एड. ही पदवी मुंबई विद्यापीठानें १९३६ सालीं सुरू केली. हिंदुस्थानांत तिचा आरंभ तेथूनच झाला. तोंवर ज्यास पुढें जाणें असे त्यास बोटीनें समुद्र ओलांडावा लागे. संसार व शाळा मागें ठेवून, परक्या हवेंत, परक्या भाषेंत पुनः परीक्षेस बसणें ही लहान गोष्ट नव्हे.

लंडन विद्यापीठाची टी. डी., म्हणजे शिक्षकाची पदविका, त्यांनीं १९२८ सालीं मिळविली. तेथें प्रायोगिक मानसशास्त्राचा अभ्यास त्यांनीं सिरिल बर्ट ह्यांच्या हाताखालीं केला. हे बर्ट १९१३ पासून लंडनच्या नगरशाळांचे मानसशास्त्रज्ञ होते. अभ्यासांत मागें पडणाऱ्या व वांकड्या वाटेस लागणाऱ्या मुलांची तपासणी करणें हें त्यांचें काम. मूल मागें पडलें तर त्यास मठ्ठ म्हणून मोकळें होऊं नये. त्याचे डोळे, कान, प्रकृति, घरची स्थिति हीं सर्व पाहून कारण शोधावें, ही त्या कामांतील दृष्टि होती. बर्ट ह्यांचा मृत्यु १९७१ सालीं झाला. त्यानंतर बुद्धीच्या आनुवंशिकतेविषयीं त्यांनीं दिलेल्या आंकड्यांवर गंभीर आक्षेप घेण्यांत आले, हेंही येथें सांगितलें पाहिजे. परंतु कारण शोधल्यावांचून मुलास दोष देऊं नये हा धडा त्यामुळें खोटा ठरत नाहीं. हॅरो येथेंही अत्र्यांनीं कांहीं काळ शिक्षण घेतलें. हॅरोची शाळा म्हणजे धनिकांच्या मुलांची. पंडित जवाहरलाल नेहरू तेथेंच शिकले. तेथील साधनसंपत्ति कोठें आणि पुण्याच्या लष्करांतील शाळा कोठें! परंतु जी विद्या गरीब शाळेच्या उपयोगीं पडत नाहीं ती विलायतेहून आणून तरी काय करावयाची?

परत आल्यावर अत्र्यांनीं शिक्षणाचें काम अधिकच नेटानें चालविलें. पुण्यांतील राजा धनराज गिरजी हायस्कूल व मुलींचें आगरकर हायस्कूल ह्यांच्या उभारणींत त्यांचा हात होता. परंतु त्यांच्या अभ्यासाचें खरें फळ महाराष्ट्रास मिळालें तें त्यांच्या ‘नवयुग वाचनमाले’च्या रूपानें. पूर्वींच्या क्रमिक पुस्तकांतून मोठ्या माणसांनीं मुलांस केलेला उपदेशच फार असे. भाषा जड, वाक्यें लांब, आणि धड्याच्या शेवटीं बोध ठरलेला. ह्या नव्या पुस्तकांत मुलांच्या घरांतलीं, खेळांतलीं व अंगणांतलीं माणसें आलीं. ‘आजीचें घड्याळ’ ही त्यांची कविता पाहा. आजीजवळ घड्याळ नाहीं, परंतु दिवसाची प्रत्येक वेळ तिला बिनचूक कळते. त्या आश्चर्यांतून ऊन, सांवली व पांखरें ह्यांचें निरीक्षण मुलें न सांगतां शिकतात. ‘दिनूचें बिल’ ह्या धड्यांत एक मुलगा आपण केलेल्या कामांचें बिल आईस देतो, आणि आई त्यास आपलें बिल देते, त्यांत मागणें कांहींच नसतें. मुलाचें मन कोठून हालतें हें ज्यानें अभ्यासिलें आहे त्यासच असा धडा लिहितां येतो. कवीची प्रतिभा त्यांजजवळ पहिल्यापासून होतीच. ती कोणत्या वयाच्या मुलापुढें, किती व कशी मांडावी हें मात्र शिक्षकाच्या अभ्यासानेंच सांगितलें असलें पाहिजे.

पुढील आयुष्य आपणांस थोडेंफार माहीत आहे. १९३३ सालीं ‘साष्टांग नमस्कार’ रंगभूमीवर आलें व त्यामागून नाटकांची रांगच लागली. १९४२ सालीं नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. साने गुरुजींच्या पुस्तकावरून त्यांनीं काढलेल्या ‘श्यामची आई’ ह्या बोलपटास १९५४ सालीं राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक लाभलें. १९५६ सालीं त्यांनीं ‘मराठा’ दैनिक काढलें, आणि १९६० च्या १ मे रोजीं महाराष्ट्र राज्य स्थापन होईतों तें पत्र लढ्याच्या अग्रभागीं राहिलें. वादांत त्यांची लेखणी पुष्कळदां मर्यादा सोडी, व तिचे घाव कित्येक चांगल्या माणसांस सोसावे लागले. हा दोष त्यांच्या चाहत्यांनींही झांकूं नये. १३ जून १९६९ रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें. इतक्या पदव्या व बिरुदें असतांही लोकांनीं त्यांच्या नांवामागें कायम ठेवला तो शब्द आचार्य हाच, आणि त्याचा अर्थ शिक्षक.

मित्रहो, आज बी. एड. व एम. एड. ह्या दोन्ही पदव्यांसाठीं कोणास बोटींत बसावें लागत नाहीं. लोकलगाडीनें मुंबईस जाऊन त्या मिळवितां येतात. सोय झाली, म्हणून एक भयही उत्पन्न झालें आहे. पदवी ही पगाराची पायरी एवढाच तिचा अर्थ होऊन बसतो. आपणांपैकीं जे ह्या वाटेनें जातील त्यांनीं पुस्तक उघडतांना आपल्या वर्गांतील एखादें मागें पडलेलें मूल डोळ्यांपुढें आणावें. तें घरीं काय खातें, कोणती भाषा बोलतें, त्यास फळा दिसतो कीं नाहीं, हें आपणांस ठाऊक आहे काय, असें स्वतःस विचारावें. उत्तर नाहीं असें आलें तर अभ्यास तेथूनच सुरू करावा.