कोयनेचे पाणी आणि यशवंतराव

कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात आणि एकत्र झालेला प्रवाह पूर्वेला, सांगलीच्या दिशेने वळतो. या संगमाच्या काठीच महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांची समाधी आहे. पूर्वेला जाणारे कोयनेचे पाणी सह्याद्री फोडून पश्चिमेला नेण्याची आणि त्यावर मुंबई उजळविण्याची योजना त्यांच्याच कारकिर्दीत सिद्धीस गेली.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे झाला. तेव्हा सातारा जिल्ह्यात असलेले हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. पितृछत्र लवकर हरपले. आई विठाबाईंनी हलाखीत मुलांना वाढविले. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असतानाच १९३२ मध्ये त्यांना तुरुंगवास घडला. पुढे कोल्हापूरला पदवी आणि पुण्याला वकिलीचे शिक्षण झाले. १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत राहिले आणि १९४६ मध्ये विधिमंडळात पोहोचले.

कोयनेच्या खोऱ्यात पाऊस धो धो कोसळतो आणि कड्यापलीकडे कोकण कितीतरी खाली पसरलेले आहे. या उंचीचा वीजनिर्मितीसाठी उपयोग करून घेण्याची कल्पना जुनी होती. पहिल्या महायुद्धानंतर टाटा उद्योगसमूहाने येथे लक्ष घातले होते. परंतु आर्थिक अडचणींमुळे योजना बारगळली. अखेर १९५४ मध्ये काम सुरू झाले, तेव्हा यशवंतराव मोरारजी देसाई यांच्या मंत्रिमंडळात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ ची निवडणूक त्यांनी कराडमधून निसटत्या मतांनी जिंकली. धरणाचे आणि बोगद्याचे काम या वादळी वर्षांतही चालू राहिले. १९६२ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली, तेव्हा ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. औद्योगिक विकास महामंडळाची स्थापनाही त्याच वर्षीची. उद्योगांना जागा देऊ पाहणाऱ्या राज्याला विजेची निकड होतीच.

शिवसागर जलाशयातून नवजाजवळ उचललेले पाणी सुमारे पावणेचार किलोमीटर लांबीच्या बोगद्याने डोंगर ओलांडते. उल्लोळ विहीर पाण्याच्या दाबातील चढउतार सोसते. तेथून पाणी जवळपास पावणेपाचशे मीटर खाली झेपावून पोफळीच्या भूमिगत वीजगृहातील चक्रे फिरविते. जलविद्युत संच काही मिनिटांत सुरू करता येतो किंवा थांबविता येतो. म्हणूनच सकाळ-संध्याकाळ मागणी वाढली की कोयनेकडे वळले जाते. अवजल वाशिष्ठी नदीतून समुद्राला मिळते; ते पुन्हा कृष्णेत येत नाही.

या उजेडाची किंमत जावळी-पाटणच्या खेड्यांनी मोजली. घरे, शेते आणि देवळे पाण्याखाली गेली. पुनर्वसनाचा कायदा राज्यात १९७६ मध्ये आला. तोवर कोयनेची माणसे केव्हाच विखुरली होती. न्यायासाठी त्यांच्या पुढच्या पिढ्यांनाही आंदोलने करावी लागली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात सुमारे १८० माणसे दगावली आणि वीजनिर्मिती थांबल्याने मुंबईलाही झळ बसली. यशवंतराव त्या वेळी केंद्रात गृहमंत्री होते. धरण उभे राहिले, पण पुढे ते आणखी भक्कम करावे लागले.

कृष्णा पाणीवाटप लवादाने कोयनेतून पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. १ जूनला सुरू होणाऱ्या तांत्रिक वर्षात हा कोटा अभियंत्यांना जपून वापरावा लागतो. कारण धरणाच्या पायथ्याकडून सोडलेल्या पाण्यावर ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजना अवलंबून आहेत. कडेगाव, खानापूर, आटपाडीच्या माळांवर हे पाणी वर चढविण्यासाठी पुन्हा वीजच लागते. पश्चिमेला सोडलेले पाणी वीज देते, पूर्वेला सोडलेले पाणी वीज मागते. दुष्काळी वर्षात हा पेच अधिक तीव्र होतो.

२५ नोव्हेंबर १९८४ रोजी यशवंतरावांचे दिल्लीत निधन झाले. टेंभूचे पाणी दुष्काळी तालुक्यांत पोहोचलेले पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही. राज्याच्या औद्योगिक उभारणीत कोयनेचा वाटा निर्विवाद आहे. मात्र त्यांच्या जन्मगावाच्या परिसराला आपल्या हक्काच्या पाण्यासाठी आणखी काही दशके थांबावे लागले, हेही त्या कर्तृत्वाच्या हिशेबात मांडले पाहिजे.