नादार यांचा आकाशाचा नाद

आज देशोदेशींचे नकाशे विमानातून व उपग्रहातून घेतलेल्या छायाचित्रांच्या आधारे तयार होतात. हा मार्ग ज्यांनी फार लवकर ओळखला, त्यांत पॅरिसचे छायाचित्रकार नादार यांचे नाव अग्रभागी आहे.

गास्पार-फेलिक्स तुर्नाशों हे त्यांचे मूळ नाव. जन्म १८२० मधला, पॅरिसचा. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून ते व्यंगचित्रकार झाले आणि पुढे छायाचित्रणाकडे वळले. व्हिक्टर ह्यूगो, बोदलेअर, सारा बर्नहार्ट यांची त्यांनी टिपलेली व्यक्तिचित्रे विख्यात आहेत.

१८५८ मध्ये त्यांनी बलूनमधील छायाचित्रांवरून जमिनीची मोजणी करण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले. त्या काळी काचेवर रसायन लावून ते सुकण्याआधीच चित्र टिपून धुवावे लागे. त्यामुळे बलूनच्या पाळण्यातच अंधारखोली थाटावी लागली. तरीही काचा काळ्याच निघत. बलूनमधून सुटणारा वायू रसायन बिघडवतो, हे अखेर ध्यानात आले. वायूचे तोंड बंद ठेवून केलेल्या उड्डाणात पॅरिसजवळच्या प्ती-बिसेत्र वस्तीची अंधूक प्रतिमा उमटली. ते जगातील पहिले हवाई छायाचित्र मानले जाते. मात्र आज ते उपलब्ध नाही.

पण छायाचित्र म्हणजे नकाशा नव्हे. कॅमेरा कलला किंवा जमीन उंचसखल असली की अंतराचे प्रमाण बिघडते. एकच स्थळ दोन जागांवरून टिपून भूमितीने अचूक मोजमाप काढण्याची विद्या, म्हणजेच फोटोग्रामेट्री, नादार यांच्यापाशी नव्हती. तिचा पाया त्यांचेच समकालीन, फ्रेंच लष्करी अभियंते एमे लॉसदा यांनी जमिनीवरून घेतलेल्या छायाचित्रांच्या साहाय्याने घातला.

नादार यांचा आकाशाचा नाद मात्र सुटला नाही. १८६३ मध्ये त्यांनी ‘ल जेआं’ हा अजस्र बलून उडवला. दुसऱ्याच सफरीत जर्मनीत हानोफरजवळ त्याला अपघात होऊन ते व त्यांची पत्नी जखमी झाले. या उद्योगाने त्यांना कर्जात लोटले. मराठीत ‘नादार’ म्हणजे दिवाळखोर, हा विलक्षण योगायोग! १८७० मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला, तेव्हा हेच बलूनवेड शहराच्या कामी आले. टपाल बाहेर नेणाऱ्या बलूनसेवेच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता.

१९१० मध्ये नादार यांचे निधन झाले. पहिल्या महायुद्धात विमानांतून छायाचित्रणाला वेग आला आणि युद्धानंतर ते तंत्र नागरी नकाशांसाठी रुजले. कॅमेरा, आकाश आणि भूमिती यांचा मेळ बसलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते; त्यातील पहिल्या दोहोंची गाठ मात्र त्यांनीच घालून दिली होती.