हाताला लाभलेली दृष्टी

परकीय कलेचा संस्कार झाला की स्वत्व लोपते, असे मानणारा एक वर्ग आपल्याकडे नेहमीच असतो. त्याने विनोदबिहारी मुखर्जी यांचे चरित्र अवश्य पाहावे.

बंगालमधील बेहाला येथे १९०४ साली जन्मलेल्या या चित्रकाराचा एक डोळा उपजतच निकामी आणि दुसरा अत्यंत अधू होता. अशा मुलास चित्रकला शिकवावी काय, अशी शंका शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांना आली. मुलगा मनापासून काम करीत असेल तर त्याला त्याची वाट शोधू द्यावी, असा कौल रवींद्रनाथांनी दिला आणि तो सार्थ ठरला.

१९३७-३८ मध्ये विनोदबिहारी काही महिने जपानात राहिले. सेश्शू, सोतात्सु आदी जुन्या आचार्यांच्या कृतींचा त्यांनी अभ्यास केला. शाईचा कुंचला एकदा कागदाला टेकला की तेथे खोडाखोडीस वाव नसतो. गुंडाळीवरील चित्रात प्रसंगामागून प्रसंग उलगडत जातो. ही शिस्त घेऊन ते परतले. १९४६-४७ मध्ये शांतिनिकेतनातील हिंदी भवनाच्या भिंतींवर त्यांनी मध्ययुगीन संतांचे भव्य चित्र रंगविले, तेही पूर्ण आकाराचा आराखडा भिंतीवर न उतरविता. ओला गिलावा वाळण्यापूर्वी रंग लागावा लागतो. तेथे थबकणारा हात कामाचा नव्हे. त्या भिंतींवर कबीर, सूरदास, तुलसीदास आणि त्यांच्याभोवतीचे सामान्यजन नदीसारखे वाहत जातात. मांडणीमागे जपानचा संस्कार आहे. माणसे आणि माती मात्र सर्वस्वी भारतीय आहेत.

१९५७ च्या सुमारास शस्त्रक्रिया अयशस्वी होऊन उरलीसुरली दृष्टीही गेली. तरीही ते कलाभवनात शिकवीत राहिले. रंगीत कागद कापून त्यांनी चित्रे रचली, मातीच्या आकृती घडविल्या आणि १९७२ मध्ये फरशांचे भित्तिशिल्प सिद्ध केले. त्याच वर्षी त्यांचे शिष्य सत्यजित राय यांनी त्यांच्यावर अनुबोधपट काढला. १९७४ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. १९८० मध्ये त्यांचे निधन झाले.

डोळे गेल्यावरही हात चुकला नाही, कारण रेषा त्यांच्या हाती आधीच मुरली होती. परक्या कलेची केवळ ढब उचलणाऱ्याला असा आधार कधीच मिळत नाही. आपल्या कलाशाळांनी विनोदबिहारींकडून एवढे जरी घेतले तरी पुष्कळ झाले.