आधी काय पाहायचे ते ठरवा

पहिली दुर्बीण कोणती घ्यावी, असे मुलुंड-बोरिवलीतले पालक विचारतात, तेव्हा मला कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७-१९३८) आठवतात. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातले हे अध्यापक. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी विज्ञानकार्यासाठी पाच हजार रुपये दिले. सरकारनेही तेवढीच भर घातली. पण कावसजींनी खरेदीची घाई केली नाही. १८८४ मध्ये ते इंग्लंडला गेले, जाणत्या खगोलज्ञांना भेटले आणि काय पाहायचे ते आधी ठरवले : आकाशस्थ ज्योतींच्या प्रकाशाचा वर्णपट. दुर्बीण ठरली ती त्यानंतर. १८८८ मध्ये पुण्यात वेधशाळा उभी राहिली. तिथली २० इंची आरशाची दुर्बीण त्या काळी भारतात सर्वांत मोठी होती. १८९८ च्या खग्रास ग्रहणाचे वेध त्यांनी जेऊरला घेतले. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

म्हणून मी सांगतो, खोक्यावरच्या ‘पाचशे पट’ला भुलू नका, आरशाचा व्यास पाहा. उपनगरातल्या उजळ आकाशातही चार-पाच इंची आरसा चंद्राची विवरे, गुरूचे चंद्र, शनीची कडी दाखवतो. मात्र डोळा लावणारा नसेल, तर वीस इंची दुर्बीणही मुकीच.