शिकागोच्या यंगबाई

वयात येणाऱ्या मुलामुलींना शरीरधर्माविषयी आणि गुप्तरोगांविषयी काय सांगावे, कोणी सांगावे, हा प्रश्न प्रत्येक आईपुढे केव्हा तरी उभा राहतोच. घरात तो संकोचाने टाळला जातो. शाळा म्हणते, हे घरचे काम. अमेरिकेतील एका वृद्ध शिक्षिकेने १९१३ साली तो सार्वजनिक शाळेच्या वर्गात नेला. त्या म्हणजे श्रीमती एला फ्लॅग यंग.

त्यांचा जन्म १५ जानेवारी १८४५ रोजी न्यूयॉर्क संस्थानातील बफेलो येथे एका कारागिराच्या घरी झाला. लहानपणी प्रकृती अशक्त, म्हणून शाळेत जाणे उशिरा घडले. वाचायला त्या घरीच आपण होऊन शिकल्या. पुढे कुटुंब शिकागोस आले. १८६२ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्या शिक्षिका झाल्या. १८६८ मध्ये विल्यम यंग यांच्याशी विवाह झाला. परंतु थोड्याच वर्षांत वैधव्य आले. त्यानंतर शाळा हाच त्यांचा संसार झाला. पंचावन्नाव्या वर्षी, १९०० साली, जॉन ड्यूई या तत्त्ववेत्त्यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. आपणही यंगबाईंकडून पुष्कळ शिकलो, हे ड्यूई यांनी पुढे मोकळ्या मनाने मान्य केले.

१९०९ साली त्या शिकागोच्या सर्व सार्वजनिक शाळांच्या प्रमुख झाल्या. अमेरिकेतील एवढ्या मोठ्या शहराच्या शाळांचा कारभार स्त्रीच्या हाती येण्याचा तो पहिलाच प्रसंग. दुसऱ्याच वर्षी राष्ट्रीय शिक्षक-परिषदेने आपले अध्यक्षपद प्रथमच एका स्त्रीला, म्हणजे त्यांनाच दिले.

त्या काळी मोठ्या शहरांतून गरमी आणि परमा हे रोग घरोघर शिरत होते. पतीकडून निरपराध पत्नीला रोग जडे, तिची कूस उजाड होई; परम्याच्या संसर्गाने नवजात बालकांचे डोळे जात. डॉ. प्रिन्स मॉरो यांनी न्यूयॉर्कमध्ये ही गोष्ट उघडपणे मांडली होती. पेनिसिलिनला अजून तीस वर्षांचा अवकाश होता. अज्ञान दूर करणे आणि संयम शिकविणे, एवढाच उपाय यंगबाईंना दिसला.

१९१३ च्या शरदात शहरातील माध्यमिक शाळांत डॉक्टरांची तीन-तीन व्याख्याने झाली; मुलांसाठी वेगळी, मुलींसाठी वेगळी. शरीररचना, वैयक्तिक स्वच्छता व संयम, आणि शेवटी हे रोग व त्यांचा प्रसार असा क्रम होता. ज्यांना नको त्या पालकांनी आपल्या पाल्यास सूट मागावी, अशी सोय होती. फार थोड्यांनी ती मागितली. वीस हजारांवर विद्यार्थ्यांनी व्याख्याने ऐकली.

व्याख्यानांचा सगळा भर पावित्र्यावर होता. विवाहापूर्वी ब्रह्मचर्य पाळा, हेच त्यांचे सार. तरीही विरोध उसळला. कॅथलिक धर्मगुरूंना, तसेच इतरही अनेकांना, हा विषय वर्गात नुसता उच्चारणेच अनिष्ट वाटले. न विचारलेले सांगितल्याने मुलांचे कुतूहल चाळवेल, ही भीती त्यामागे होती.

शिक्षणमंडळात यंगबाईंशी इतरही मतभेद होते. त्या वर्षाच्या डिसेंबरात मंडळाने त्यांना पुन्हा निवडण्याचे नाकारले. तेव्हा शिकागोच्या स्त्रिया उठल्या. त्याच वर्षी इलिनॉय संस्थानात त्यांना नगरपालिकेच्या मतदानाचा हक्क मिळाला होता. जेन ॲडम्स यांच्यासारख्या समाजसेविका पुढे आल्या, मोठी सभा भरली, नगराध्यक्षांनी मंडळातील काही सभासद बदलले आणि यंगबाई महिना संपण्याच्या आत आपल्या जागी परतल्या.

पण व्याख्याने परतली नाहीत. खुर्ची वाचली, धडा मात्र गेला. स्त्रियांनी आपल्या शिक्षिकेची बाजू जितक्या निर्धाराने घेतली, तितक्या निर्धाराने तिच्या त्या धड्याची बाजू कोणी घेतली नाही. माणसाच्या मागे उभे राहणे सोपे, अवघड विषयाच्या मागे उभे राहणे कठीण.

१९१५ साली त्या निवृत्त झाल्या आणि २६ ऑक्टोबर १९१८ रोजी, इन्फ्लुएंझाच्या साथीत, वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.

पुढील काळातील अनेक पाहण्यांतून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. शरीराचे व रोगाचे खरे ज्ञान दिल्याने मुले लवकर वाममार्गाला लागत नाहीत, हे यंगबाईंचे म्हणणे खरे ठरले. मात्र केवळ संयमाचा उपदेश केल्याने रोग टळत नाहीत. बचावाचे उपायही सांगावे लागतात. तेवढे पाऊल त्यांच्या व्याख्यानांनी टाकले नव्हते. परंतु पहिले पाऊल, मौन सोडण्याचे, त्यांनी अडुसष्टाव्या वर्षी टाकले. आपल्या मुलींशी बोलताना आपण निदान तेवढे तरी टाकूया.